बंदरावरचे नेपाळी खलाशी, बागेतले राखणदार आणि आपली मंडळी: सेवा करायची तर नेमकी कशी?

किनाराकाठ (धागाकर्ता)

नाताळ जवळ आला की कोकणातल्या बऱ्याच चर्चमध्ये हा विषय निघतो. बंदरावर नेपाळी खलाशी आहेत, आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदारांची कुटुंबं आहेत, त्यांच्यासाठी ‘काहीतरी करूया’. मग ब्लँकेटं वाटली जातात, फोटो निघतो, की पुढच्या डिसेंबरपर्यंत सामसूम. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वचन पाठ नसलेला ख्रिस्ती माणूस सापडायचा नाही. पण शेजारी दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या धर्माचा, सहा महिन्यांनी निघून जाणारा असेल तर ती प्रीती कशी करायची, याची कृती कोणी सांगत नाही.

म्हणून हा धागा. तत्त्वज्ञान थोडं चालेल, पण वेळापत्रक, प्रमाणं, काय फसतं आणि का, हे हवं आहे. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ख्रिस्ती नसलेले, सगळ्यांनी लिहा.

---

डोलकाठी

सुरुवात चांगल्या शोमरोन्यापासून (वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणारा, येशूच्या दाखल्यातला माणूस) होणार हे ठरलेलंच आहे, तर तो दाखला (लूक १०) जरा हिशेबनीसाच्या नजरेने वाचा. जखमांवर तेल आणि द्राक्षारस, पट्टी, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेपर्यंत, रात्रभर देखभाल, सकाळी उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातात दोन दीनार. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्यातला भाव. वर आश्वासन, की जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. आणि मग तो आपल्या कामाला निघून गेला. प्रथमोपचार, वाहन, मुक्काम, आगाऊ रक्कम, पुढची भेट. ब्लँकेटवाटपात यातलं शेवटचं कलम नेमकं गळतं.

पण बंदरावरच्या कामासाठी मला जास्त उपयोगी वाटतो तो बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा ६ वा अध्याय. यरुशलेमेतल्या मंडळीत (म्हणजे चर्चच्या समुदायात) रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ‘आम्ही भेदभाव करत नाही’ असा खुलासा केला नाही. सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत, आणि अंत्युखियाचा नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. म्हणजे ज्या गटाची तक्रार होती, बहुधा त्याच गटाच्या हाती कोठार गेलं.

याचा इथे अर्थ असा: पाच जणांची समिती केलीत तर त्यात दोघं कामगारांतले घ्या, नुसते ‘सल्लागार’ म्हणून नाही. यादी त्यांनी करायची, कपाटाची एक किल्ली त्यांच्याकडे, खर्चाच्या वहीवर एक सही त्यांची. फक्त एक बघा: ज्याने मजुरांना उचल देऊन आणलं आहे तो मुकादम यात नको. यादीत कोण बसतं हे मग त्याच्या वसुलीवर ठरतं, आणि ज्याच्याशी त्याचं वाजलंय तो माणूस कधीच यादीत येत नाही. बागेतून प्रतिनिधी घ्यायचा तर एखादी बाई घ्या. नवरा फवारणीवर असतो. मुलं, पाणी, दुखणी हे सगळं तिला ठाऊक असतं.

---

सुरंगी

वेळापत्रक देते, कारण निम्मे उपक्रम तिथेच बुडतात.

मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. मे संपता संपता खलाशी घरी निघतात आणि ऑगस्टमध्ये परततात. कॅथलिक चर्चचा ‘सी संडे’ (दर्यावर्दींसाठी प्रार्थनेचा रविवार) जुलैच्या दुसऱ्या रविवारी येतो, आणि त्या दिवशी आपल्याकडच्या धक्क्यावर खलाशी जवळपास नसतात! प्रार्थना जरूर करा, पण कार्यक्रम धक्क्यावर करायचा असेल तर २१ नोव्हेंबरचा जागतिक मत्स्यव्यवसाय दिन धरा. पर्ससीनला (माशांच्या थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं) महाराष्ट्रात १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा आहे. एका पर्ससीन बोटीवर पंचवीस-तीस माणसं असतात, म्हणजे डिसेंबरअखेर बंदरावरची गर्दी एकदम पातळ होते. जानेवारीत ‘आरोग्य शिबिर’ लावून रिकाम्या खुर्च्या मोजण्यापेक्षा ऑक्टोबरात लावा.

बागांचं चक्र वेगळं. पावसाळा सरल्यावर कुटुंबं येऊ लागतात, मोहोराच्या आधीपासून फवारण्या, मार्च ते मे काढणी, पावसाच्या तोंडावर परत. काढणीच्या दिवसांत पहाटेपासून झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) हातात असतो, तेव्हा सकाळी दहाच्या मिस्सेनंतर (चर्चच्या उपासनेनंतर) ‘भेट’ ठरवू नका. संध्याकाळी सातनंतर जा, आणि बागायतदाराला आधी सांगून जा.

आणि हो, ब्लँकेटं बंदरावर धूळ खातील, पण बागेत लागतात. कातळावर जानेवारीची पहाट चांगलीच बोचते. तीच वस्तू, फक्त पत्ता चुकला.

---

तांडेल_दर्यावर

ह्या सगळा बरोबर हा. पण मालकाक आणि तांडेलाक (बोटीच्या म्होरक्याक) इचारल्याशिवाय धक्क्यार जाव नकात. बोट येता तेव्हा मासळी उतरवची, बर्फ भरूचो, डिझेल घेवचा, जाळी बघूची. तेव्हा खलाशाक उभ्यान बोलूक पण येळ नसता. सुट्टीचो वार बंदरापरमाणे बदलता, तो आधी इचारून घेवा. आणि मोठ्या गाडीतसून दहा जण उतरात नकात, लोकांका वाटता धाड इली.

---

परिचारिका_मंडणगड

आरोग्याबद्दल सविस्तर लिहिते. लोक इथे औषधांचा ढीग नेतात आणि नेमकं लागणारं काही नसतं.

बोटीवरची पेटी. आठ-दहा माणसांच्या ट्रॉलरसाठी: ओआरएसची २० पाकिटं, पोविडोन आयोडीनची मोठी बाटली, निर्जंतुक गॉजची १५-२० पाकिटं, १० सेंमीचे दोन क्रेप बँडेज, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, हातमोज्यांचे दहा जोड, थर्मामीटर, पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅच्या दोन स्ट्रिप. हे सगळं झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिक डब्यात. पत्र्याची पेटी खाऱ्या हवेत एका हंगामात गंजते.

अँटिबायोटिक ठेवू नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनही नको. उलट्या होऊन पाणी कमी झालेल्या माणसाला ते मूत्रपिंडाला भोवतं. पावसाळ्याच्या अखेरीला डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसची साथ असते, त्यात तर ते धोक्याचंच. ताप म्हटला की पॅरासिटामॉल आणि डॉक्टर, मध्ये तिसरं काही नाही.

ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात अख्खं फोडायचं. ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकून पाकीट दुमडून ठेवतात, त्याने ना धड क्षार मिळतात ना साखर. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट भरलेले सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने नाही. जास्त झालं तर उलट अपाय.

शिंगाला किंवा पाकट माशाचा काटा. जाळं साफ करताना नेहमीची जखम. यावर हळद, डिझेल, चुना काहीही लावतात. करायचं ते असं: दिसणारा काटा चिमट्याने काढा. छाती, पोट किंवा मान असेल तर काटा तसाच ठेवून थेट रुग्णालय. हात-पाय असेल तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, जास्तीत जास्त ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. या विषाचा जोर उष्णतेने उतरतो. पाणी किती गरम ते जखमी माणसाला ठरवू देऊ नका. वेदनेत त्याला समजत नाही आणि वर भाजतं. दुसऱ्याने आपला कोपर बुडवून पाहावं. बोटीवर भाताची चूल असतेच, त्यामुळे गरम पाणी मिळतं. किनाऱ्याला आल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन.

बागेत फुरसं (विषारी साप). रत्नागिरी-देवगडच्या कातळी बागांत हा मोठा धोका. आवळपट्टी नको, चिरणं नको, चोखणं नको. पाय फळीला सैलसर बांधून, माणसाला चालू न देता १०८ ला फोन किंवा मिळेल ते वाहन. ‘चार तास झाले, काही झालं नाही’ म्हणून परत आणू नका. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त कधीकधी बऱ्याच उशिरा दिसतं. किमान २४ तास रुग्णालयात. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत असतं. मंडळीचं काम एवढंच, की जवळच्या कोणत्या रुग्णालयात ते आत्ता साठ्यात आहे हे हंगामाच्या सुरुवातीला आणि मार्चमध्ये विचारून ठेवायचं, आणि रात्री गाडी काढणाऱ्या दोघांचे नंबर प्रत्येक खोपटीत लिहून लावायचे. ब्लँकेटच्या पैशात गमबूट आणि विजेरी आणलीत तर पुष्कळ दंश टळतील.

क्षयरोग. उपचार मोफत, पण साधारण सहा महिन्यांचे. मे महिन्यात माणूस गावी गेला की गोळ्या सुटतात. निघण्याच्या पंधरा दिवस आधी आरोग्य केंद्रात सांगितलं तर निक्षयवरची (क्षयरुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंदवही) नोंद दुसऱ्या जिल्ह्याकडे वळवता येते. नेपाळला जाणाऱ्याला उपचारपत्र आणि प्रवास धरून गोळ्यांसाठी विनंती करता येते. हे आठवणीने करणारा एक माणूस नेमा. समितीवर सोडलं तर होत नाही.

एक सोपी गोष्ट. नेपाळी भाषाही देवनागरीतच लिहितात, तर गोळ्यांच्या पुडीवर ‘बिहान १, बेलुका १’ (सकाळी १, संध्याकाळी १) असं लिहा. ‘कहाँ दुख्छ?’ आणि ‘कति दिन भयो?’ हे दोन प्रश्न पाठ करा, अर्धी तपासणी तिथेच होते. मात्र सगळेच नेपाळी असं धरू नका. कर्नाटक, ओडिशा, झारखंडचेही असतात.

---

ओसरी

माफ करा, पण आपल्याच मंडळीत विधवा आहेत, शिकायला पैसे नसलेली मुलं आहेत. बायबलात गलतीकरांस पत्र ६:१० मध्ये स्पष्ट आहे, विशेषेकरून विश्वासाच्या घराण्यातल्यांचं बरं करा. आधी घरचं बघा की.

---

डोलकाठी

@ओसरी, तेच वचन ‘सर्वांचे बरे करा’ असं सुरू होतं, ‘विशेषेकरून’ त्याच्या मागून येतं. आणि मत्तय ५:४६-४७ मध्ये येशू नेमकं हेच विचारतो: जे तुमच्यावर प्रीती करतात त्यांच्यावरच केलीत तर विशेष ते काय, जकातदारही तेवढं करतात.

घरच्यांना डावलून बाहेरचं करा असं कोणी म्हणत नाही. दोन वेगळ्या वह्या ठेवा. मंडळीतल्या गरजूंचा निधी आहे तसाच राहू द्या. बंदराच्या कामासाठी महिन्यातल्या एका रविवारचं दान बाजूला काढा, आणि जमेल तेवढंच करा. एकाच निधीतून दोन्ही ओढलं की मंडळीतल्या विधवेला वाटतं परक्यांनी तिचं नेलं, आणि मग द्वेष वाढतो तो त्या परक्यांवर.

आणखी एक. कृत्ये २८ मध्ये पौलाचं गलबत फुटलं तेव्हा माल्टाच्या किनाऱ्यावर पावसात आणि थंडीत शेकोटी पेटवून सगळ्यांना आसरा देणारे बेटावरचे लोक ख्रिस्ती नव्हते, यहूदीही नव्हते. किनाऱ्यावरच्या माणसांना हा अध्याय समजावून सांगायची गरज पडू नये.

---

नास्तिक_पण_शेजारी

ख्रिस्ती नाही, तरी विचारतो. यामागे धर्मांतर नाही हे गावाला कसं पटवणार? सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न असतो, तोंडावर कोणी बोलत नाही.

---

सुरंगी

प्रश्न रास्त आहे. पटवायचं वागून. नियम आधी कागदावर लिहून ग्रामपंचायत आणि मच्छीमार सोसायटी दोघांना एकेक प्रत द्या: पाकिटात पत्रक नाही, जेवणाआधी प्रवचन नाही, मदत घेणाऱ्याचा फोटो नाही, प्रार्थनेला येणं ही कशाचीच अट नाही. मत्तय ६:३ मधलं ‘उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये’ हे वचन फोटोला तंतोतंत लागू पडतं.

कोणी आपणहून विश्वासाबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला काहीच हरकत नाही, पण ते दुसऱ्या वेळी, दुसऱ्या जागी. पोट भरलेलं असताना, हातात काही दिलेलं नसताना. ज्याला उपकाराचं ओझं वाटतंय त्याचा होकार ख्रिस्ताच्याही कामाचा नाही.

नेपाळी कामगारांत काही ख्रिस्तीही असतात. नेपाळात शनिवारी सुट्टी असल्याने तिथल्या मंडळ्या शनिवारी जमतात. त्यामुळे ‘रविवारी का येत नाहीत’ म्हणून रुसू नका. हवा असेल तर शनिवारी संध्याकाळी हॉल द्या.

दसऱ्याच्या सुमारास दशैं, मग तिहार, हे त्यांचे मोठे सण. चर्चच्या हॉलमध्ये दुसऱ्या धर्माचा विधी व्हावा का, यावर मंडळीत वाद होणार, त्यात मी पडत नाही. पण मोठ्यांच्या हातचा टिका लावून घ्यायला एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून बागायतदाराशी दोन शब्द बोलायला कोणाचीच हरकत नसावी.

---

कालवण_भात

नाताळच्या जेवणाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पन्नास कष्टकरी माणसांचा अंदाज.

तांदूळ ८ ते ९ किलो. लग्नाच्या पंगतीत माणशी शंभर ग्रॅम पुरतो. खलाशाला दीडशेच्या पुढे धरा. मसूर किंवा तूरडाळ ३ किलो, बटाटा-फ्लॉवरची भाजी ७ किलो, कोंबडी हाडासकट १० किलो, टोमॅटोची तिखट चटणी (ते तिला अचार म्हणतात) दीड-दोन किलो, पिण्याचं पाणी किमान ६० लिटर. नारळाचं वाटण कमी ठेवा, राईच्या तेलात फोडणी द्या, ताटं स्वच्छ होतील. मासे करू नका! बोटीवर रोज तेच खातात.

आता खरी अडचण. आपल्याकडे नाताळ म्हणजे सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं कालवण). धक्क्यावरच्या पंगतीला तांडेल मुसलमान असू शकतो, खलाशी हिंदू, आणि दोघांच्या घरी डुक्कर चालत नसेल. ‘वेगळ्या टेबलावर ठेवलंय, ज्याला हवं त्याने घ्यावं’ हे पुरत नाही, कारण पळी तीच, टोप तोच. त्या दिवशी डुक्कर आणि गोमांस दोन्ही बाजूला ठेवा, कोंबडी मुसलमान खाटकाकडून हलाल घ्या, शाकाहारी टोपाला वेगळी पळी आणि वेगळा वाढपी. वाइन-फेणी नको. जेवून रात्री त्यांना बोटीवर चढायचं असतं. रमजान कोणत्या महिन्यात येतोय ते आधी कॅलेंडरात बघा. त्या दिवसांत दुपारचं जेवण ठेवण्यापेक्षा संध्याकाळी रोजा सोडायला खजूर आणि पाणी द्या.

भाताबद्दल. सकाळी दहाला शिजवून झाकून ठेवलेला भात दुपारी तीनला वाढला की रात्री उलट्या. शिजवल्यावरही टिकणारे जंतू कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. दोन घाण्यांत शिजवा, वाफाळता वाढा, उरलेला बांधून देऊ नका. ‘वाया जाईल’ म्हणून दिलेलं पार्सल समुद्रात, दवाखान्यापासून तीन तासांवर उघडलं जातं.

आणि बसायचं कसं? लूक १४ मध्ये परतफेड करू न शकणाऱ्यांना जेवायला बोलवा असं आहे, त्यांना वाढून दुरून बघत उभे राहा असं नाही. प्रत्येक टेबलावर मंडळीतले दोघं-तिघं त्यांच्याबरोबर, तेच ताट घेऊन. लहान मुलं असलेली कुटुंबं मध्ये बसवा, गप्पा आपोआप सुरू होतात.

---

वहीखातं

पैसा आणि कागदपत्रं. इथे हेतू चांगला असूनही अंगाशी येतं.

१९५० च्या करारामुळे नेपाळी नागरिकाला भारतात राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. ओळख म्हणून पासपोर्ट किंवा नागरिकता प्रमाणपत्र चालतं. ‘आधार काढून द्या’ म्हणून कोणी आलं तर पाळकांनी किंवा फादरांनी चर्चच्या पत्त्याचं रहिवासी पत्र देऊ नये. दलाल अशा पत्रांवर खोट्या पत्त्याची कार्डं काढतात, पकडला जातो तो मजूर. कागदपत्रांच्या झेरॉक्स जमवून ठेवू नका. आपल्या यादीत नाव, बोट किंवा बाग, आणि गावाकडचा एक फोन, इतकं पुरे. खलाशांची सरकारदरबारी नोंद हे मालकाचं काम आहे, आपलं नाही.

घरी पैसे पाठवायला बरेच जण गावाला निघालेल्या सोबत्याकडे रोकड देतात. वाटेत चोरी झाली की हंगाम गेला. रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ पैसे पाठवण्याची सोय २००८ पासून आहे. बँकेच्या एनईएफटी शाखेत रोख भरून एका वेळी ५०,००० रुपयांपर्यंत, वर्षाला १२ वेळा, आणि खात्यातून असेल तर २ लाखांपर्यंत. काउंटरवरच्या नव्या माणसाला हे ठाऊक नसतं. म्हणून फॉर्म भरायला मंडळीतला निवृत्त बँकवाला बरोबर पाठवा. सेवा म्हणजे कधीकधी रांगेत उभं राहणंच.

मजुरी थकली असेल तर बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात २४:१४-१५ बघा. परदेशी मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, त्याचं सगळं लक्ष तिच्याकडे लागलेलं असतं. मंडळीत स्वतः बागायतदार किंवा बोटमालक असतील तर सुरुवात तिथून करा. ज्यांची मजुरी आपल्याकडे अडकली आहे त्यांनाच नाताळचा केक देणं बरं दिसत नाही. उचल किती, कापली किती, उरली किती, याची छोटी वही मजुराच्या हातात दर शनिवारी देणं हा खर्च काहीच नाही, आणि निम्मी भांडणं त्यानेच मिटतात.

परदेशातल्या नातेवाइकाने या कामासाठी पैसे पाठवतो म्हटलं, आणि तो परदेशी नागरिक असेल, तर थांबा. २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी नसेल तर संस्थेला ते घेता येत नाहीत, ‘फक्त दहा हजार’ असले तरी.

---

किनाराकाठ

बागेतल्या मुलांच्या शाळेचं काय? पोरं दिवसभर कलमांखाली असतात.

---

गुरुजी_दापोली

जिल्हा परिषदेची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू नये असं स्पष्ट आहे, आणि वयाप्रमाणे वर्ग द्यायचा असतो. नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवत असतील तर मुख्याध्यापकांशी नम्रपणे बोला. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्यांना ते लागतं.

अडतं ते अंतरावर. बाग शाळेपासून तीन किलोमीटर, वाट कातळावरून. सहा-सात मुलं जमली की महिन्याची रिक्षा बांधून द्या, याहून उपयोगी काही नाही. ‘रविवारची शिकवणी’ उत्साहाने सुरू होते आणि परीक्षेच्या दिवसांत बंद पडते. शिकवायचंच असेल तर आठवड्यातून दोन संध्याकाळ, पाऊण तास, फक्त मराठी वाचन. अक्षरं ओळखीची असल्याने मुलं पटकन धरतात. आणि फवारणीच्या दिवशी मुलं बागेबाहेर असतील एवढं बघा. औषधाची रिकामी बाटली पाणी भरायला वापरलेली दिसली तर तिथल्या तिथे भोक पाडून टाका.

---

नास्तिक_पण_शेजारी

मृत्यू झाला तर? बोटीवरून पडून जातात माणसं.

---

वहीखातं

बोटीवरून माणूस पडल्याचं कळताच तटरक्षक दलाचा १५५४ आणि बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६. शोध आधी, बाकी नंतर.

मृतदेह मिळाल्यावर पोलीस नोंद, पंचनामा, शवविच्छेदन, आणि जिथे मृत्यू झाला तिथेच २१ दिवसांच्या आत मृत्यूनोंद. दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढा. बँक, विमा, नेपाळमधलं वडा (वॉर्ड) कार्यालय, सगळीकडे लागतो. देह न्यायचा असेल तर दिल्लीतल्या नेपाळी दूतावासाशी संपर्क आणि शव जतन केल्याचं प्रमाणपत्र. नेपाळच्या सुदूरपश्चिम प्रांतातल्या गावापर्यंतचं अंतर आणि खर्च बघून बरीच कुटुंबं इथेच अंत्यविधी करायला सांगतात.

तो त्याच्या धर्माप्रमाणे व्हायला हवा. जागा सहज मिळते म्हणून चर्चच्या दफनभूमीत नेऊ नका, घरच्यांनी तसं सांगितलं असेल तरच. गावच्या स्मशानात लाकडाची व्यवस्था, अग्नी द्यायला त्याचा गाववाला किंवा सोबती, घरच्यांना व्हिडिओ कॉलवर शेवटचं दर्शन, अस्थी गावी कोण नेणार ते त्याच दिवशी ठरवून. आपण खांदा द्यायचा आणि मागे उभं राहायचं. प्रार्थना मनात करता येते.

भरपाईसाठी मालकाच्या विम्यात खलाशी धरलेले आहेत का ते विचारा. कोऱ्या कागदावर नातेवाइकांचे अंगठे घेऊ देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो.

---

ओसरी

बरं. एवढं सगळं एका मंडळीला झेपणार नाही. पहिल्या वर्षी एकच करायचं तर कोणतं?

---

परिचारिका_मंडणगड

प्रथमोपचाराची पेटी. किंमत कमी, कोणाचा विरोध नाही, आणि ती भरायला दर महिन्याला जावंच लागतं, त्यामुळे ओळख आपोआप होते. पाच बोटींपासून सुरू करा.

बोटीवरच्या पेट्यांखेरीज एक मोठी पेटी धक्क्यावर. ती चर्चमध्ये ठेवू नका, रात्री दोनला चर्च बंद असतं. बर्फाच्या कारखान्यात किंवा डिझेल पंपावर, जिथे चोवीस तास माणूस असतो तिथे, त्याला विचारून. झाकणाच्या आत नेपाळी आणि कन्नडमध्ये वापराच्या सूचना चिकटवा, वर १०८ आणि १५५४. कुलूप नको. सामान जास्त जातंय असं वाटलं तर आधी कोणतं जातंय ते बघा. गॉज आणि आयोडीन संपत असेल तर पेटी बरोबर चालली आहे, पॅरासिटामॉलच संपत असेल तर खोलीत कोणीतरी तापाने पडलंय, जाऊन बघा.

---

तांडेल_दर्यावर

हातमोजे ज्यादा ठेवा. तेच पयले संपतत.